‘कोणाला विचारावे’ हा रकाना : यंत्रासाठी लिहिलेल्या वर्णनांचा इतिहास

१/ ३ नोव्हेंबर १९७१. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची ‘युनिक्स’ प्रणालीची पहिली हस्तपुस्तिका सिद्ध झाली. तिच्यामागे डग मॅकिलरॉय यांचा आग्रह होता. आज ‘एआय एजंट’ला साधने कशी समजावून सांगावीत यावर जी चर्चा चालते, तिचे मूळ या पुस्तिकेच्या रकान्यांत सापडते.

२/ प्रत्येक आज्ञेची नोंद ठरावीक साच्यात होती : नाव, लिहिण्याची रीत, वर्णन आणि पुढे ‘बग्ज’, म्हणजे ज्ञात दोष. स्वतः घडवलेल्या वस्तूची वैगुण्ये स्वतःच छापून ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा आजच्या जाहिरातबाज काळात विलक्षणच वाटतो. शिवाय ‘ओनर’ हा एक रकाना होता. अडचण आल्यास कोणाला विचारावे, त्याचे संक्षिप्त नाव तिथे असे. मालक म्हणजे मूळ लेखकच असे नव्हे; ज्याने शेवटचा बदल केला, तो मालक!

३/ म्हणूनच वर्णन त्रोटक असले तरी भागत असे. वाचणारा जाणकार, शहाण्याला शब्दाचा मार. उरलेली शंका मालकाच्या खोलीत जाऊन फिटे. वर्णन कितपत चांगले आहे हे मोजण्याची गरज कोणाला भासली नाही, कारण त्यातली उणीव माणूस भरून काढत होता.

४/ मे २००१ मध्ये टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या दोन सहलेखकांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये एक चित्र रंगवले : आईच्या उपचारांच्या वेळा मुलांचे सॉफ्टवेअर एजंट परस्पर ठरवतात. मधला माणूस नाहीसा होणार होता. त्याच सुमारास वेबसेवांचे यंत्राला वाचता येईल असे वर्णन करणारी ‘डब्ल्यूएसडीएल’ ही भाषा आणि अशा सेवांची ‘यूडीडीआय’ ही सार्वजनिक नोंदवही पुढे आली.

५/ जानेवारी २००६ मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी ती सार्वजनिक नोंदवही बंद केली. कारणे व्यापारीही होती. परंतु एक उणीव मुळातच होती. डब्ल्यूएसडीएल आकार सांगे, अर्थ सांगत नसे. उत्तरात एक दशांश संख्या येईल, एवढे यंत्राला कळे. ते तापमान सेल्सिअसमध्ये आहे की फॅरनहाइटमध्ये, हे मात्र कोणा माणसाने वाचूनच ठरवायचे.

६/ ही पोकळी अखेर साध्या गद्याने भरली. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीची प्लगइन्स आली. त्यांच्या माहितीपत्रात दोन स्वतंत्र वर्णने असत : एक माणसासाठी, दुसरे मॉडेलसाठी. बेल लॅब्जच्या पानांना हे द्वैत ठाऊक नव्हते. जूनमध्ये ‘फंक्शन कॉलिंग’ आले आणि साधनाचे नाव, चार ओळींचे वर्णन व निविष्टींची यादी हा साचा रुळला.

७/ आणि मग मोजमाप अटळ झाले. मे २०२३ मधील बर्कलीच्या ‘गोरिला’ या शोधनिबंधाने दाखवले की मॉडेल अस्तित्वात नसलेल्या आज्ञाही आत्मविश्वासाने रचते. जुलैत ‘टूलएलएलएम’ने १६ हजारांहून अधिक एपीआय परीक्षेला घेतले. २०२४ मध्ये बर्कलीची गुणतालिका आली. तिच्यात, दिलेल्यांपैकी एकही साधन लागू नसताना मॉडेल हात आवरते का, हेही तपासले जाते. हा प्रश्न सर्वांत मार्मिक म्हणावा लागेल.

८/ मात्र या परीक्षांत वर्णन स्थिर असते आणि गुण मॉडेलला मिळतात. उलट परीक्षाही घेता येते : मॉडेल तेच ठेवून वर्णन बदलायचे. अँथ्रॉपिकने डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःचा अनुभव नोंदवला. त्यांचा एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की सापेक्ष फाइलपत्ते देताना चुके. साधनाने नेहमी पूर्ण पत्ताच मागावा असा बदल केला आणि चूक थांबली. मॉडेलमध्ये काहीही बदलले नव्हते. मग दोष इतके दिवस कोणाच्या खात्यावर मांडला जात होता?

९/ नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एमसीपी’ हा खुला संकेत आला आणि परक्यांनी लिहिलेली वर्णने थेट एजंटपुढे येऊ लागली. एप्रिल २०२५ मध्ये ‘इन्व्हेरियंट लॅब्ज’च्या संशोधकांनी त्यातला धोका उघड केला. निरुपद्रवी दिसणाऱ्या साधनाच्या वर्णनातच गुप्त सूचना दडवता येते : अमुक फाइल वाच, तिच्यातला मजकूर सोबत पाठव, वापरणाऱ्याला सांगू नकोस. स्पष्टता आणि आज्ञापालन या कसोट्यांवर असे वर्णन उत्तम गुणांनी उत्तीर्ण होईल. सत्यता ही कसोटीच वेगळी आहे.

१०/ मार्च २०२५ च्या सुधारणेत एमसीपीने साधनांसाठी काही इशारे जोडले : हे साधन केवळ वाचते का, काही नष्ट करू शकते का. मात्र अविश्वासू ठिकाणाहून आलेल्या अशा इशाऱ्यांवर विसंबू नये, असे तो संकेत स्वतःच बजावतो. ज्ञात दोषांसाठी वेगळा रकाना त्यात नाही. ‘कोणाला विचारावे’ हाही नाही.