सहाव्या क्रमांकाची लायब्ररी : जुने न मोडता नवे करण्याचा इतिहास

२०१०च्या सप्टेंबरअखेरीस फेडोरा या लिनक्स वितरणाच्या तक्रारवहीत एक साधी नोंद झाली. फेडोरा १४ अद्याप अधिकृतपणे प्रसिद्ध व्हायची होती. ती चाचणीसाठी वापरणाऱ्यांना काही संकेतस्थळांवरची गाणी चिरकी, फाटकी ऐकू येत होती. ही गाणी अडोबीच्या फ्लॅशमधून वाजत. संशय आधी ध्वनियंत्रणेवर गेला, मग फ्लॅशवर. शोध घेता घेता मूळ सापडले ते या सर्वांच्या तळाशी, ज्या थराकडे एरवी कोणी ढुंकूनही पाहत नाही, तिथे.

आजच्या धाग्यात त्या थराचा इतिहास पाहू. राजे, तह आणि लढाया यांची सवय असलेल्या वाचकांना विषय परका वाटेल. पण पूर्वजांनी दिलेली वचने वारसांनी कुठवर पाळायची, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवा नाही.

त्या थराचे नाव ‘ग्नू सी लायब्ररी’, बोलीभाषेत ‘ग्लिब्सी’. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. प्रत्येक प्रोग्रामला काही कामे नेहमीच लागतात : फाइल उघडणे, मजकूर छापणे, स्मृतीतील मजकूर इकडून तिकडे नेणे. ती प्रत्येकाने नव्याने लिहू नयेत म्हणून एकदाच लिहून ठेवलेला हा साठा. प्रोग्राम फक्त कामाचे नाव घेतो. काम लायब्ररी करते. म्हणूनच तिच्यात केलेला लहानसा बदलही वरच्या हजारो प्रोग्रामांना जाणवतो.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात रोलंड मॅकग्रा या अगदी तरुण प्रोग्रामरने ग्नू प्रकल्पासाठी ती लिहायला घेतली. पुढे लिनक्स जन्मल्यावर तिथल्या मंडळींनी तिची स्वतंत्र शाखा काढून आपल्या गरजेप्रमाणे वाढवली. भाऊबंदकीच म्हणा. ही शाखा पाचव्या पिढीपर्यंत पोचली, आणि त्या काळात तिची देखभाल एच. जे. लू यांच्याकडे होती. हे नाव लक्षात ठेवा. १९९७च्या जानेवारीत मूळ घराण्याची ग्लिब्सी २.० आली आणि लिनक्सजगत पुन्हा तिच्याकडे वळले. पाच हा क्रमांक शाखेने वापरलेला होता, म्हणून नव्या फाइलचे नाव ठरले ‘लिबसी.एसओ.६’.

हे स्थलांतर त्रासाचे होते. पाचवर बांधलेले प्रोग्राम सहावर चालत नसत. कित्येक संगणकांवर दोन्ही लायब्रऱ्या शेजारी शेजारी ठेवाव्या लागल्या. त्या अनुभवाचे फळ असे, की सहाचा सात आजतागायत झालेला नाही. १९९७ पासून आतली जवळजवळ प्रत्येक भिंत पाडून पुन्हा बांधली गेली, पण दारावरचा क्रमांक तोच राहिला.

हे साधले कसे? उत्तर आहे ‘सिम्बॉल व्हर्जनिंग’. कल्पनेचे बीज सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिसमध्ये होते. ग्नूच्या मंडळींनी तिला महत्त्वाची जोड दिली. एकाच नावाची दोन वा अधिक कार्ये एकाच लायब्ररीत नांदू शकतात, प्रत्येकावर आवृत्तीचा शिक्का असतो. प्रोग्राम बांधला जातो तेव्हा त्या वेळचा शिक्का त्याच्यात उमटतो, आणि तो पुढे कधीही चालवला तरी त्याला त्याच शिक्क्याचे कार्य मिळते. नव्याने बांधलेल्या प्रोग्रामला नवे मिळते. आपल्याकडे एकत्रीकरण योजनेनंतर जमिनींना गट नंबर मिळाले, तरी जुन्या खरेदीखतातला सर्व्हे नंबर पुसला जात नाही. दोहोंचा मेळ घालावा लागतो. इथे तो मेळ यंत्र घालते, आणि (तलाठी कार्यालयाची पायरी चढलेल्यांना हेवा वाटावा असा) क्षणार्धात घालते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक आगळा आनंद आहे. टाकसाळीच्या चिन्हावरून नाण्याचा काळ ठरवावा, तसे तयार प्रोग्राममधील शिक्के वाचून तो कोणत्या काळानंतर बांधला गेला याचा अंदाज बांधता येतो.

आता पुन्हा २०१०कडे. ‘मेमकॉपी’ हे लायब्ररीतील अत्यंत जुने कार्य. स्मृतीच्या एका जागेतील मजकूर ते दुसऱ्या जागी उतरवते. सी भाषेच्या प्रमाणग्रंथात त्याला एक अट आहे : दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. चढलेल्या असतील तर ‘मेममूव्ह’ हे वेगळे, अधिक सावध कार्य वापरावे. अट मोडल्यास काय होईल याची हमी प्रमाणग्रंथ देत नाही.

अटीचे कारण समजायला फळ्याचे उदाहरण पुरे. फळ्यावर ‘क ख ग घ’ लिहिले आहे आणि सगळी ओळ एक घर डावीकडे सरकवायची आहे. डावीकडून आरंभ केला तर ‘क’ रिकाम्या घरात जातो, ‘ख’ त्याच्या जागी येतो, सारे सुरळीत होते. उजवीकडून आरंभ केला तर आधी ‘घ’ हा ‘ग’वर लिहिला जातो, ‘ग’ कायमचा नाहीसा होतो, आणि शेवटी फळ्यावर ‘घ घ घ घ’ उरते.

जुनी मेमकॉपी सामान्यतः डावीकडून चाले. त्यामुळे अट मोडणाऱ्यांचेही निभावून जाई, आणि फ्लॅश ती मोडत होते. २०१०च्या उन्हाळ्यात नव्या इंटेल प्रोसेसरांसाठी मेमकॉपीचे जलद रूप ग्लिब्सीत दाखल झाले. ते काही प्रसंगी उजवीकडून चाले, कारण तसे ते अधिक वेगवान ठरे. लेखक होते इंटेलमधील एच. जे. लू, तेच ज्यांनी कधीकाळी पाचवी पिढी सांभाळली होती. गाणी फाटली ती इथे.

वाद पेटला. एका पक्षाचे म्हणणे असे : अट स्पष्ट लिहिलेली आहे, ती मोडणारा प्रोग्राम चुकीचा आहे, तर त्याने सुधारावे, एकाच्या बेशिस्तीसाठी सर्वांचा वेग का घालवायचा? दुसऱ्या पक्षाचे सर्वांत ठळक नाव लिनस टॉरव्हॉल्ड्स. त्यांनी स्वतः तपास करून मेमकॉपीवरचा संशय पक्का केला होता. त्यांची भूमिका थोडक्यात अशी की सामान्य वापरणाऱ्याला प्रमाणग्रंथाशी देणेघेणे नाही. काल जे चालत होते ते आज बंद पडले, एवढेच त्याला दिसते. शिवाय फ्लॅशची उगमसंहिता बंदिस्त होती. अडोबीखेरीज कोणी ती दुरुस्त करू शकत नव्हते.

माझ्या मते दोन्ही पक्ष खरे होते, आणि म्हणूनच निकाल वाचनीय आहे. जून २०११मध्ये आलेल्या ग्लिब्सी २.१४मध्ये ६४-बिट इंटेल-पद्धतीच्या यंत्रांसाठी मेमकॉपीच्या दोन प्रती झाल्या. ‘२.२.५’ हा जुना शिक्का असलेल्या प्रोग्रामांना मेमकॉपीच्या नावाखाली गुपचूप सावध मेममूव्ह मिळू लागले. नव्याने बांधलेल्यांना ‘२.१४’ शिक्क्याची जलद मेमकॉपी. जुन्यांची चूक झाकली गेली, नव्यांना मुभा मिळाली नाही. किंमत मात्र पडली : नव्या संगणकावर बांधलेला प्रोग्राम जुन्या संगणकावर नेला, की ‘२.१४ सापडत नाही’ असे उत्तर येऊ लागले. कित्येक प्रोग्रामरांनी त्या संदेशापायी रात्री जागवल्या आहेत. वचन एकाच दिशेचे आहे, जुन्याने नव्यात चालावे. उलट दिशेचे वचन कोणी दिलेलेच नव्हते.

तुलनेसाठी पायथन घ्या. डिसेंबर २००८मध्ये पायथन ३ने जुन्या संहितेशी जाणूनबुजून फारकत घेतली. पायथन २चा आधार २०१५मध्ये काढायचे आधी ठरले होते. तो निघाला १ जानेवारी २०२० रोजी. तरी पायथनच्या संहिता बहुधा हाती असत, त्या बदलता येत. बांधून झालेल्या, उगम हरवलेल्या प्रोग्रामापुढे तोही मार्ग नसतो.

‘गेट्स’ या कार्याची गोष्ट तर अधिक बोलकी. ओळ किती लांब आहे हे न पाहताच ते ती वाचून घेई. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या मॉरिस कीटकाने ‘फिंगर’ सेवेतील याच कार्याच्या वापरातून वाट काढली होती. २०११च्या सी प्रमाणग्रंथातून ते हद्दपार झाले. ग्लिब्सीने नव्या प्रमाणानुसार लिहिणाऱ्यांसाठी त्याची घोषणा काढून टाकली, पण कार्य लायब्ररीत राहू दिले. पाटी उतरवली, खोली पाडली नाही. आत जुना भाडेकरू असू शकतो.

ऑगस्ट २०२१मध्ये २.३४ने ‘पीथ्रेड’ ही शेजारची लायब्ररी मुख्य घरात सामावून घेतली, तरी तिच्या नावाची जवळजवळ पोकळ फाइल जागेवर ठेवली, कारण जुने प्रोग्राम त्या पत्त्यावर येऊन दार ठोठावणारच. दर वेळी इतकी सावधगिरी टिकली असे मात्र नाही. ऑगस्ट २०२२च्या २.३६ने नावे शोधण्याची जुन्या पद्धतीची एक सारणी वगळली. नवी सारणी वर्षानुवर्षे रूढ होती, जुनी कोणी वाचत नसेल असे मानले गेले. ‘ईझी अँटी-चीट’ ती वाचत होते, आणि काही खेळ सुरूच होईनात. अनेक वितरणांनी सारणी आपल्या हाताने परत घातली.

फ्लॅशचा आधार अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला. ज्याच्या चुकीसाठी पांघरूण विणले तो गेला, ‘२.२.५’ शिक्क्याची मेमकॉपी मात्र तिथेच आहे, कारण त्या पांघरुणाखाली आणखी कोण निजले आहे हे कोणीच मोजलेले नाही.

आणि एक वचन असे आहे जे पाळूनच अडचण होणार आहे. ३२-बिट यंत्रांवर १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ज्या आकड्यात मोजले जातात, तो १९ जानेवारी २०३८ रोजी भरतो. २.३४ने ६४-बिट आकड्याची सोय दिली, पण मागणाऱ्यालाच. न मागणाऱ्या जुन्या प्रोग्रामांना जुना आकडा. डेबियनने आपल्या ३२-बिट आर्म प्रणालीसाठी सारे प्रोग्राम नव्याने बांधून घेतले. ३२-बिट इंटेल प्रणाली मात्र मुद्दाम जुन्या आकड्यावर ठेवली, कारण तिचा मुख्य उपयोगच जुने, पुन्हा बांधता न येणारे प्रोग्राम चालवणे हा उरला आहे. त्या मंगळवारी भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद होतील, आणि पुढच्या सेकंदाला त्या प्रोग्रामांची दिनदर्शिका ग्रिनिचच्या वेळेने १३ डिसेंबर १९०१ दाखवील.