एकच औषध, पण लागू सगळ्यांना सारखं का पडत नाही?

एकाला औषध लागू पडतं, दुसऱ्याला नाही, की आपण म्हणतो, ज्याचं त्याचं नशीब. मेंदूच्या एका गाठीबाबत मात्र नशिबापलीकडचं कारण सापडलं. ते कसं, ते आज आपण समजून घेऊ.

ग्लिओब्लास्टोमा ही मेंदूतली कर्करोगाची गाठ फार झपाट्याने वाढते. तिच्यावर बरीच वर्षं मुख्य उपाय दोनच होते, ऑपरेशन आणि शेक, म्हणजे रेडिएशन. १९८०च्या दशकात इंग्लंडमधल्या ॲस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध शोधलं. ते तोंडाने घेता येतं. पुढे डॉ. रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवर त्याची चाचणी केली. २००५ साली निकाल आला. नुसता शेक घेतलेल्या शंभरातले दहा जण दोन वर्षं जगले, तर सोबत औषध घेतलेल्यांतले सव्वीस.

मग बाकीच्यांचं काय? त्याचा शोध स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे मोनिका हेगी या शास्त्रज्ञ बाईंनी घेतला. हे औषध गाठीच्या पेशीतले धागे कुरतडतं. पण पेशीत एमजीएमटी नावाचा रफूवाला असतो, तो धागे पुन्हा सांधतो. काही गाठींत हा रफूवाला बनवणारं जनुक बंद असतं. तिथे औषध जास्त चालतं. औषध आणि शेक दोन्ही घेतलेल्यांत, जनुक बंद असलेले शंभरात सेहेचाळीस जण दोन वर्षं जगले. चालू असलेले चौदाच.

२०१२मध्ये वयस्कर रुग्णांवरच्या दोन अभ्यासांतून पुढची वाट दिसली. जनुक बंद असेल तर नुसत्या औषधाचाही चांगला उपयोग होतो. चालू असेल तर शेकाकडे कल ठेवावा. म्हणजे गाठ पाहून उपचार ठरू लागले.

गाठ पूर्ण बरी करणारं औषध अजून नाही, हेही आपण स्पष्ट बोलू. म्हणूनच हातातले दिवस आणि पैसा कुठे लावायचा, हे घरच्यांना कळायला हवं. ऑपरेशननंतर गाठीचा तुकडा तपासायला जातो. तेव्हा न लाजता विचारा, “डॉक्टर, एमजीएमटीची तपासणी झाली का? आमच्या माणसाच्या उपचारात त्याने काय फरक पडेल?” रिपोर्ट जपून ठेवा. आणि रिपोर्ट काहीही येवो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.