नैतिक निवड (भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममधील)

खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळतो अशा गेममध्ये (आरपीजी) कथेची दिशा किंवा पात्राचे बळ ज्या बऱ्यावाईट निर्णयांवर ठरते, ते निर्णय. पापपुण्याचा पट मराठी घरांना नवा नाही. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेल्या मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असतात. मात्र तिथे चाल खेळाडूची निवड नव्हे, तर कवड्या ठरवतात.

या प्रकारातला पायाभूत गेम ‘अल्टिमा ४’ (१९८५). रिचर्ड गॅरियट यांनी त्यात अखेरच्या शत्रूला मारण्याचे ध्येयच काढून टाकले आणि प्रामाणिकपणा, करुणा, त्याग, नम्रता अशा आठ गुणांत पारंगत होऊन ‘अवतार’ बनणे हे ध्येय ठेवले. त्यातली जडीबुटी विकणारी बाई आंधळी आहे. किती नाणी द्यायची ते खेळाडूच टाइप करतो. कमी दिली तर ती काही बोलत नाही, गेमही बोलत नाही, पण आतल्या हिशेबात प्रामाणिकपणा घटतो. एवढा साधा आणि एवढा अचूक प्रसंग नंतर क्वचितच रचला गेला.

पुढच्या अनेक गेमनी हा हिशेब उघड्यावर आणला. ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मध्ये (२००३) प्रकाश आणि अंधार यांची पट्टी पडद्यावर दिसते, एका टोकाकडे झुकले की त्या बाजूच्या शक्ती कमी खर्चात वापरता येतात. मग समोरच्या माणसाला मदत करायची की लुबाडायचे, यावर विचार होत नाही, फक्त आधी ठरवलेली बाजू भरत नेली जाते. पोलंडच्या ‘द विचर’ने (२००७) परिणाम लांबवून यावर उपाय शोधला. मालाच्या पेट्या बंडखोर एल्फांना नेऊ दिल्या, तर पुढच्या प्रकरणात त्यांच्या हातून एक जण मारला जातो. तोवर आधी जतन केलेल्या खेळाकडे (जुन्या सेव्हकडे) परतणे फार महाग पडते.

शक्तीच्या किमतीबाबत ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) विशेष लक्षणीय आहे. पात्राच्या मेंदूत शिरलेल्या परजीवी अळीसारख्या आणखी अळ्या स्वीकारल्या की नव्या शक्ती मिळतात, आणि माणूसपण जाईल असा धाक गेम सतत घालतो. प्रत्यक्षात वसुली फारशी होत नाही; पुढच्या टप्प्यावर चेहऱ्यावर काळ्या शिरा उमटतात, इतकेच. या कच्चेपणावर टीका झाली ती रास्त आहे. तरीही धाक खरा मानून ज्याने शक्ती नाकारली, त्याची निवडच या गेममधली सर्वांत खरी ठरते.

बऱ्यावाईटाच्या अशा पट्टीच्या मर्यादा वसईच्या किल्ल्याच्या वेढ्यावरून कळतात. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली, तेव्हा वेढ्यात मराठ्यांची हजारो माणसे कामी आली होती. तरी मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पांनी किल्ल्यातल्या शिबंदीला शस्त्रांसह निघून जाऊ दिले, जाणाऱ्यांना चीजवस्तू नेण्याची मुभा दिली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्मपालनाची मोकळीक दिली. गेमने याला ‘चांगले’ गुण दिले असते. पण या उदारतेची किंमत सरदाराने एकट्याने मोजलेली नाही: सुरुंग आणि तोफांपुढे ज्यांचे भाऊबंद गेले, त्या शिपायांच्या हातून किल्ल्यातली बरीचशी लूटही गेली. निर्णय एकाचा आणि झळ दुसऱ्याला, हे नाते एकाच पात्राभोवती फिरणाऱ्या बहुतेक आरपीजींच्या रचनेत मावत नाही.