तळातल्या संघाने खेळाडूंना विश्रांती दिली की संशय का येतो?

एएफएल ही ऑस्ट्रेलियातली अंडाकृती चेंडूच्या फुटबॉलची सर्वात मोठी लीग. मोसमाच्या शेवटी तळातले क्लब अनेकदा जखमी खेळाडूंना थेट पुढच्या मोसमापर्यंत बसवतात.

यात चूक काय? तशी काहीच नाही. बाद फेरीची आशा संपली असेल, तर दुखऱ्या गुडघ्यावर खेळवण्यापेक्षा शस्त्रक्रिया लवकर झालेली बरी. नवोदितांनाही संधी मिळते.

मग संशय कशाचा? ड्राफ्टचा. नव्या खेळाडूंची निवड करताना पहिला मान तळाच्या संघाला मिळतो, म्हणजे हरण्यातही फायदा असतो. मुद्दाम हरण्याला तिथे ‘टँकिंग’ म्हणतात.

२००९ मध्ये मेलबर्न क्लबने २२ पैकी ४ सामने जिंकले. सलग दोन मोसम पाचपेक्षा कमी विजय मिळाल्यास जादा निवड, असा तेव्हा नियम होता. त्यामुळे ड्राफ्टमधले पहिले दोन्ही खेळाडू मेलबर्नला मिळाले. क्लब ठरवून हरल्याचं एएफएलच्या चौकशीत सिद्ध झालं नाही. तरीही २०१३ मध्ये क्लबला ५ लाख डॉलरचा दंड झाला, तेव्हाचे प्रशिक्षक डीन बेली आणि अधिकारी ख्रिस कॉनोली निलंबित झाले. त्याआधीच, २०१२ मध्ये, जादा निवड आपोआप मिळणं बंद झालं होतं.

पण तळाला पहिला मान आजही आहे. त्यामुळे खेळाडू खरोखर जखमी असला, तरी प्रश्न विचारले जातातच.