पहिल्या जागेचा सोस

अमेरिकेत घरोघरी टेलिफोनचे जाडजूड पुस्तक येत असे, त्या काळातली ही गोष्ट. त्या पुस्तकाच्या पिवळ्या पानांवर धंद्यांची यादी असावयाची आणि ती लावलेली असावयाची वर्णानुक्रमाने. नळदुरुस्ती करणाऱ्या चतुर मंडळींच्या ध्यानात आले की, ज्याच्या घरात पाणी तुंबले आहे तो गृहस्थ यादी शेवटपर्यंत वाचीत बसत नाही. पहिल्या दोनचार नावांतच त्याचा शोध संपतो. मग काय विचारता? एकाने दुकानाचे नाव 'ए' अक्षराने सुरू केले, दुसऱ्याने 'एए' केले, तिसऱ्याने 'एएए'. आमच्या हजेरीपटातही 'अ'ची मुले सर्वांआधी 'हजर' म्हणतात. त्यापायी त्यांना गणितात चार गुण जास्त मिळाल्याचे मात्र मी वीस वर्षांत पाहिलेले नाही.

आज दुकानदारांच्या तोंडी 'एसईओ' हे नाव ऐकू येते. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन हे त्याचे संपूर्ण बारसे. अर्थ इतकाच की, फोनवर कोणी 'भाजणीची चकली' असे विचारले तर शोधयंत्राने दाखवलेल्या यादीत आपले दुकान वरच्या बाजूस यावे, यासाठी करावयाची खटपट. या विद्येविषयी लहान व्यापाऱ्यांत ज्या भ्रामक समजुती आहेत, त्यांची कुळकथा पाहू लागलो तेव्हा मोठी गंमत दिसली. त्यांतल्या बहुतेक समजुती कोणी हवेतून निर्माण केलेल्या नाहीत. त्या एके काळी खऱ्या होत्या! नाणे खोटे नव्हते. राज्य बदलले आणि ते चलनातून गेले. पण बाजारात ते खपवणारे अजून फिरत आहेत.

1994 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोघा विद्यार्थ्यांनी याहूची यादी सुरू केली. ती माणसांनी हाताने लावलेली यादी होती, त्यामुळे पिवळ्या पानांची युक्ती तिथेही थोडीफार चालून गेली. डिसेंबर 1995 मध्ये अल्टाव्हिस्टा हे यंत्र लोकांसाठी खुले झाले. यंत्रच ते! पानावर कोणते शब्द आहेत ते वाचावयाचे आणि विचारणाऱ्यापुढे पाने मांडावयाची, एवढेच त्याला कळे. शिवाय पानाच्या पोटात, वाचकाच्या दृष्टीआड, 'या पानाचे मुख्य शब्द अमुक' असे लिहून ठेवण्याची सोय होती. दुकानदारांनी ती सोय अशी काही राबवली की बोलून सोय नाही. एकच शब्द शंभरदा लिहिला. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिहिला, म्हणजे यंत्राला दिसावा आणि माणसाला दिसू नये. निबंधाच्या वहीत एकच वाक्य फिरवून फिरवून पान भरणारी मुले आम्हा शिक्षकांना अपरिचित नाहीत. फरक एवढाच की, यंत्र काही काळ खरोखरच गुण देत होते.

ती चलती फार टिकली नाही. 1998 साली लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी गूगल कंपनी काढली. पान स्वतःबद्दल काय बोलते यापेक्षा इतर पाने त्याचा हवाला किती देतात आणि हवाला देणारे स्वतः किती वजनदार आहेत, याचा हिशेब त्यांनी मांडला. तेव्हा लोक हवालेच विकत घेऊ लागले. 'मुख्य शब्दां'ची ती गुप्त जागा गूगल क्रमवारीसाठी पाहत नाही, हे त्या कंपनीने सप्टेंबर 2009 मध्ये उघड सांगितले. तथापि तेच शब्द भरून देण्याचे दाम उकळणारे लोक आजही भेटतात.

या बदलांचा तडाखा कसा बसतो हे पाहावयाचे तर नोव्हेंबर 2003 कडे वळावे लागेल. त्या महिन्यात गूगलने आपल्या हिशेबात मोठा फेरफार केला. धंदेवाईक मंडळींनी त्याला 'फ्लोरिडा' असे वादळाला शोभणारे नाव दिले. नाताळ तोंडावर आलेला, माल भरून ठेवलेला, आणि वर्षभर पहिल्या पानावर असलेली कितीतरी लहान दुकाने एकाएकी दिसेनाशी झाली. वसुबारसेच्या आदल्या रात्री आपल्या पेठेतली गल्लीच कोणी नकाशावरून उचलून नेली तर काय वाटेल, याची कल्पना करावी. त्यांत लबाडी करणारे होते, तसे केवळ कोणाच्या सल्ल्याने वागलेलेही होते. यंत्राला तो भेद कळत नव्हता.

मोठ्यांचीही गत तीच. फेब्रुवारी 2011 मध्ये जे. सी. पेनी या बड्या अमेरिकन दुकानासाठी हजारो विकतचे हवाले पेरले गेल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणले आणि ते दुकान यादीत एकदम खाली गेले. आपल्याला याची खबर नव्हती असे दुकानाने सांगितले व सल्लागाराला काढून टाकले. बड्या दुकानाला असा सल्लागार बदलता येतो. लहान दुकानदाराची वर्षाची शिल्लकच सल्लागाराच्या खिशात गेलेली असते. एप्रिल 2012 मध्ये अशा खरेदीविरुद्ध गूगलने 'पेंग्विन' नावाचा नियम आणला, आणि ज्यांनी पैसे देऊन हवाले लावून घेतले होते ते आता ते काढून टाका म्हणून विनवण्या करीत फिरू लागले.

सर्वांत चिवट समजूत म्हणजे, जाहिरातीला पैसे दिले की खरी क्रमवारीही सुधारते. हिलाही पूर्वज आहे. 1998 साली बिल ग्रॉस यांच्या 'गोटू' या शोधयंत्रावर जागांचा उघड लिलाव चाले. जो जास्त देईल तो वर. पुढे इतर यंत्रांवर विकत घेतलेली जागा आणि कमावलेली जागा यांची इतकी सरमिसळ झाली की, जून 2002 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला पत्र लिहून शोधयंत्रांना बजावावे लागले: पैसे घेतले असतील तिथे तसे स्पष्ट दाखवा. गूगलने ऑक्टोबर 2000 मध्ये जाहिराती सुरू केल्या, पण त्या वेगळ्या खणात ठेवल्या. जाहिरात दिल्याने बिनपैशाच्या यादीतली जागा सुधारत नाही, असे ती कंपनी स्वतःच सांगते. पहिल्या जागेची हमी कोणी देऊ शकत नाही, हेही तिचेच म्हणणे.

असे असूनही आमच्या गावात फराळ करून विकणाऱ्या एका बाईंना दसऱ्यानंतर फोन येऊ लागतात. "ताई, गूगलमधून बोलतोय. पहिला नंबर पक्का करून देतो. आज पैसे भरले नाहीत तर दुकान दिसणे बंद होईल." हाच मजकूर यंत्राकरवी हजारो अमेरिकन दुकानदारांना ऐकवल्याबद्दल फ्लोरिडातल्या काही मंडळींना फेडरल ट्रेड कमिशनने 2018 साली कोर्टात खेचले होते. म्हणजे फसवणूकसुद्धा आयातच!

बाईंनी मला विचारले, "सर, पण पहिला नंबर असतो तरी कुठे?" प्रश्न लाखमोलाचा होता. जवळचे दुकान शोधणाऱ्याला गूगल जी यादी दाखवते ती तीन गोष्टींवर ठरते: विचारलेल्या वस्तूशी दुकानाचा मेळ, विचारणाऱ्यापासूनचे अंतर, आणि दुकानाचा बोलबाला. स्टेशनवर उभा राहून विचारणाऱ्याला एक दुकान पहिले, तर देवळापाशी विचारणाऱ्याला दुसरे. सर्वांसाठी एकच पहिला नंबर मुळी नसतोच. मग तो विकणारा नेमके काय विकतो? त्यात 2024 पासून गूगल कित्येक प्रश्नांना यंत्राने रचलेले उत्तरच यादीच्या डोक्यावर देऊ लागले आहे. तिथे जागा मिळवून देणारेही लगोलग दारोदार दिसू लागले आहेत.

व्यवसायाची गूगलवरील नोंद फुकट असते. बाईंच्या नातीने ती एका दुपारी भरली: दुकानाचे नाव पाटीवर आहे तसेच, पत्ता, फोन, अनारशांच्या ताटाचे छायाचित्र. वेळेच्या रकान्यात तिने लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बंद असे लिहिले. बाईंनी ते खोडायला लावले आणि आठपर्यंत चालू असे लिहून घेतले, कारण आयत्या वेळी चिवडा संपलेली गिऱ्हाइके त्याच संध्याकाळी येतात.