संगणकाचा मक्ता

घरचें काम मक्त्यानें बाहेर देण्याची चाल जुनी आहे. परंतु संगणकाच्या कामांत तिला मोठ्या कंपन्यांमध्यें प्रतिष्ठा मिळाली ती १९८९ सालीं. त्या वर्षीं अमेरिकेंतील कोडॅक कंपनीनें आपलीं संगणक-केंद्रें चालविण्याचें काम आयबीएमकडे सोंपविलें. त्याबरोबर सुमारें ३०० नोकरहि तिकडे गेले. तें पाहून इतरांची भीड चेपली.

डिसेंबर २००२ मध्यें जेपी मॉर्गन चेस या बँकेनें त्याच आयबीएमशीं सात वर्षांचा, ५ अब्ज डॉलरांचा करार केला, आणि सुमारें ४,००० माणसांचा धनी बदलला. पुढें जुलै २००४ मध्यें बँक वन तिच्यांत विलीन झाली, आणि सप्टेंबरांत करार मोडला. आपली यंत्रणा आपल्याच हातीं असणें बँकेच्या वाढीस हितकर, असें कारण देण्यांत आलें. गेलेलीं माणसें माघारीं बोलाविलीं गेलीं.

जमाखर्चाच्या वहींत पगार दिसतो. वर्षानुवर्षें अंगीं मुरलेली माहिती दिसत नाहीं. ती माणसाबरोबर जाते, आणि परत आणावयाची तर माणूसच परत आणावा लागतो. मक्ता देणें सर्वथा चूक, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु दोन्ही वेळां निर्णय धन्यांचे होते. त्यांचा भार मात्र नोकरांनीं उचलला. तो हिशेबांत धरल्यावांचून नफ्याचा आंकडा खरा म्हणतां येणार नाहीं.