डोळ्यातली लाल गाठ आणि पुण्याचे वाळू-मजूर

पापणी उलटून पाहिली की आत पिकलेल्या तुतीसारखी लाल, मऊ गाठ दिसते. सहसा दुखत नाही, पण जरा धक्का लागला की रक्त येतं. जवळून पाहिलं तर तिच्यावर रव्याच्या कणांसारखे पांढरट ठिपके असतात. घरचे लोक कॅन्सरच्या शंकेने घाबरतात. ही गाठ कॅन्सरची नसते. दुर्मिळ असलेल्या या आजाराचं नाव ऱ्हायनोस्पोरिडिओसिस.

'ऱ्हायनो' म्हणजे नाक. हा आजार जास्त करून नाकात होतो, म्हणून हे नाव. अर्जेंटिनात सीबर यांनी १९०० साली त्याचं वर्णन केलं आणि १९०३ मध्ये कलकत्त्याहून ओकिनीली यांनी. डोळ्यातल्या गाठीची नोंद १९१२ साली एलियट आणि इंग्रॅम यांनी केली. पुढे १९२३ मध्ये एडिनबर्गच्या ॲशवर्थ यांनी हा जंतू बुरशी असल्याचं ठरवलं, आणि बरीच वर्षं सगळे तसंच मानत आले. हा जंतू प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने वाढत नाही, त्यामुळे वाद मिटायला फार वेळ लागला. १९९९ च्या सुमारास जनुकांच्या तपासणीत तो बुरशी नसून माशांना त्रास देणाऱ्या काही सूक्ष्म परजीवींचा नातेवाईक निघाला. म्हणजे पाण्यातलाच!

पाण्याचा हा धागा महाराष्ट्रात मात्र फार आधीच हाती लागला होता. १९३३ साली नोऱ्होन्हा यांनी पुण्यातल्या वाळू काढणाऱ्या मजुरांमध्ये हा आजार आढळतो, अशी नोंद प्रसिद्ध केली. जनुकं वगैरे तेव्हा कुठे होती? रुग्ण पोटासाठी काय करतो, एवढा साधा प्रश्न होता. वाळूच्या कणाने नाकाची किंवा डोळ्याची नाजूक त्वचा खरचटते आणि गढूळ पाण्यातला जंतू तिथे शिरतो, असं आज मानलं जातं. माझ्या मते या आजाराच्या इतिहासातली रुग्णाच्या सगळ्यात उपयोगाची नोंद हीच.

आपल्या खानदेशात गिरणा, तापी, पांझरा या नद्यांची वाळू उपसणारे मजूर आहेत. गुरं धुतात त्याच डबक्यात पोहणारी मुलं आहेत. कोरड्या, धुळीच्या प्रदेशात हा आजार डोळ्यात तुलनेने जास्त दिसतो, हेही लक्षात घ्या. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपलं काम आणि अंघोळीची जागा आपणहून सांगा.

औषधाच्या थेंबांनी ही गाठ जात नाही. ती मुळासकट काढून तळ डागावा लागतो. काढलेला तुकडा बायोप्सीला पाठवलाच पाहिजे, कारण जंतूच्या गोल पिशव्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या की निदान पक्कं होतं, आणि कॅन्सरची शंकाही तिथेच मिटते. धागा बांधून गाठ पाडणं किंवा अर्धवट कापणं यात मूळ आत राहतं.

नीट काढलेली पापणीची गाठ सहसा परत येत नाही. अश्रुपिशवीतली मात्र चिवट असते. तिथे नाकाच्या मुळाशी सूज येते, कधी अश्रूंत रक्त दिसतं, आणि ऑपरेशननंतरही ती पुन्हा उद्भवू शकते. अशा वेळी काही डॉक्टर डॅप्सोन ही कुष्ठरोगावरची गोळी काही महिने देतात. त्याआधी रक्ततपासणी लागते. सोबत नाक-कान-घसा तज्ज्ञांकडून नाकही तपासून घ्यावं.

हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. रुग्णाचं ताट, टॉवेल वेगळं ठेवायची गरज नाही.